उघडत नाही तो खोका नव्हे

गेले दोन महिने आमच्या गोतावळ्यात एक वाद पेटलेला आहे. इस्टेटीचा नाही, कुणाच्या लग्नाचा नाही. वादाचा विषय आहे बोटाच्या पेराएवढा कागदी खोका. तो उघडला पाहिजे, की नुसता खोक्यासारखा दिसला तरी पुरे?

हसून घ्या. सुरुवातीला मीही हसलोच होतो. पण फोनवर या विषयाला पाच ओळींच्या पुढे न्यायचं नाही असा घरचा दंडक आहे (आई म्हणते, "भांडायचं तर समोर बसून भांडा"), आणि माझा मुद्दा काही पाच ओळींत मावत नाही. म्हणून इथे सविस्तर. ज्यांना उद्देशून हे आहे ते वाचतीलच. त्यांनी रागावू नये. रागावलात तर दिवाळीला भेटू :-)

तर आधी पार्श्वभूमी. माझा मामा शिंप्यांच्या सामानाचं दुकान चालवायचा. बटणं, हुक, टिचबटणं, रिळं, अस्तर, फॉल, नाडी, लेस. दुकान आजोबांनी काढलं, मामानं चालवलं, आणि २०२१ मध्ये बंद केलं. गल्ल्यामागची भिंत जमिनीपासून छतापर्यंत खोक्यांनी भरलेली असायची. आठ ओळी, ओळीत बारा खोके. प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूला आतल्या मालाचं एकेक बटण दोऱ्यानं शिवलेलं. लेबल वाचायची गरजच नाही. गिऱ्हाईक ब्लाऊजचा तुकडा पुढे करायचं, मामा मान वर करून भिंतीकडे बघायचा आणि एका बोटानं बरोबर तो खोका ओढायचा.

मामा येत्या मार्गशीर्षात पंचाहत्तर पूर्ण करतो. त्याला दुकानाची छोटी प्रतिकृती करून द्यायची असं ठरलं, आणि घरात असले उद्योग करणारा मी एकटाच असल्यामुळे काम माझ्याकडे आलं. मी बाहुलीघरातल्या खोल्या करतो. माप एकास बारा, म्हणजे खऱ्यातला एक फूट तिथे एक इंच. लाकूडकाम जेमतेम जमतं. पण कागदाचे खोके करायला मला मनापासून आवडतात.

आता वाद. आमचा मावसभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, न्यू जर्सीत असतो. त्यानं सुचवलं की दुकानाच्या भिंतीचा जुना फोटो आहेच, तो साफ करून हव्या त्या मापात छापायचा, थर्मोकोलवर चिकटवायचा, खोक्यांच्या मधल्या रेघा जरा कोरून घ्यायच्या. एका संध्याकाळचं काम. "समोरून अगदी तस्संच दिसेल. उघडून बघणारेय कोण?" वहिनीनं दुजोरा दिला. धाकट्या बहिणीनं तर लेझरनं कापलेल्या तयार ठोकळ्यांची किंमतसुद्धा विचारून ठेवली. मी म्हटलं, नाही. शहाण्णव खोके करीन, आणि शहाण्णवच्या शहाण्णव उघडतील.

तेव्हापासून मी हट्टी, विक्षिप्त आणि रिकामटेकडा आहे. यातलं तिसरं विशेषण मला मान्य नाही.

दादाचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. छोट्या वस्तू असतात त्या बघायला. दिसण्याचं काम झालं की संपलं. पण मला सांगा, खोका ही वस्तू नेमकी असते तरी कशासाठी? सावंतवाडीची लाकडी फळं घ्या. सुरेख असतात, आत भरीव असली तरी कुणाची तक्रार नाही, कारण केळं आपण शोभेला ठेवलंय हे आपल्याला माहीत असतं आणि त्याचा रंग-आकार हीच तिथली गंमत असते. खोक्याचं तसं नाही. बाहेरून खोका म्हणजे सहा चौकोन. त्यात बघण्यासारखं काय आहे? आत काहीतरी आहे, निदान असू शकतं, एवढंच खोक्याचं खोकेपण. ते काढून घेतलं की उरतो ठोकळा. ठोकळ्याला ठोकळा म्हणा, माझं काही म्हणणं नाही.

आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. आपली भातुकली आठवा. भातुकलीतलं जातं फिरतं. पाटा-वरवंट्यावर चार दाणे खरंच वाटले जातात. बंबाचं झाकण निघतं, डब्यात चुरमुरे मावतात, चिमूटभर गूळदाण्याचा लाडू होतो आणि तो पंक्तीत वाढला जातो. आपल्या आज्यांच्या लेखी लहान वस्तू म्हणजे लहान कामाची वस्तू, बिनकामाची नव्हे. भातुकलीतला तांब्या भरीव निघाला असता तर त्यांनी तो तांबटाच्या अंगावर परत टाकला असता.

बाहुलीघरं ज्यांची, त्या लोकांकडेही वेगळं नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंचं बाहुलीघर आहे, साधारण १६८६ ते १७१० या काळात सजवलेलं. ते मुलांसाठी नव्हतंच. मोठ्या बाईंनी स्वतःसाठी, खऱ्या घराच्या खऱ्या कारागिरांकडून करून घेतलं होतं, आणि त्यावर कालव्याकाठचं एक घर येईल इतका खर्च केला होता. इंग्लंडच्या राणी मेरीचं बाहुलीघर १९२१ ते १९२४ या काळात झालं. आराखडा एडविन लट्यन्सचा, ज्यांनी नवी दिल्ली आखली तेच. माप आपलंच, एकास बारा. विंडसरच्या किल्ल्यात ठेवलेल्या त्या घरातल्या नळांना पाणी येण्याची सोय आहे, दिवे लागतात, लिफ्ट चालते, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन भरलेली. ग्रंथालयातल्या चिमुकल्या पुस्तकांत कितीतरी लेखकांनी स्वतःच्या हातानं मजकूर लिहून दिलाय. आर्थर कॉनन डॉईलनी तर खास त्या घरासाठी होम्स-वॉटसनची एक इवलीशी गोष्ट लिहिली. आता त्या पुस्तकाचं पान उलटायला राजवाड्यात कोण जाणार होतं? कुणी नाही. तरी पुस्तकात पानं आहेत आणि पानांवर अक्षरं आहेत.

याच्या उलट काय होतं ते बिअट्रिक्स पॉटरनं १९०४ साली सांगून ठेवलंय. तिच्या दोन वाह्यात उंदरांच्या गोष्टीत उंदीर-उंदरीण बाहुलीघरात शिरतात, टेबलावरचं चमचमीत जेवण बघून हरखतात, सुरी चालवतात तर सगळं प्लॅस्टरचं! आणि मग ते चिडून फोडाफोड सुरू करतात. मुलांना गोष्ट सांगणारे बहुतेक लोक बाहुल्यांची बाजू घेतात. माझी सहानुभूती पहिल्यापासून उंदरांना आहे.

दादाचं पुढचं म्हणणं: "शिकागोतल्या त्या प्रसिद्ध ६८ छोट्या खोल्या मी पाहिल्यात. सगळ्या काचेआड. हात कुणी लावत नाही. मग?" दादा, काच संग्रहालयाची गरज आहे. आपल्याकडे काच लावणार आहोत का? मामाच्या हातात देणार आहोत. काचेमुळे न उघडता येणारा खोका आणि उघडण्याची सोयच नसलेला खोका, यांत कुलूपबंद घर आणि घराचं पोस्टर यांच्याएवढा फरक आहे.

आता वेळेचा मुद्दा. "शहाण्णव खोके! तुला काही कामधंदा?" इथे जरा तपशिलात शिरतो, कारण हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी एकानंही कधी खोका करून बघितलेला नाही.

खरा खोका फूटभर खोल, पाच इंच रुंद, तीन इंच उंच. एकास बारानं तो होतो सुमारे २५ मिलिमीटर खोल, साडेदहा रुंद आणि सहाच्या थोडा वर उंच. मापं लहान होतात, पण कागदाची जाडी काही आपोआप लहान होत नाही. सगळी मेख इथे आहे. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. बारानं गुणा, म्हणजे त्या जगात तो सव्वा मिलिमीटरचा झाला. चपलांच्या खोक्याला असतो तसा पुठ्ठा. छान. पण मजबुतीच्या मोहात पडून लग्नपत्रिकेचं कार्ड वापरलं, तर ०.३ चे होतात साडेतीन मिलिमीटरच्या वर, आणि तुमचा बटणांचा खोका प्लायवुडचा दिसायला लागतो. (आंब्याची पेटी करायची असेल तर मात्र हेच कार्ड उत्तम.) मिठाईच्या खोक्यासारखा पातळ पुठ्ठा दाखवायचा तर पतंगाच्या कागदापर्यंत खाली उतरावं लागतं.

दुसरं, कागदालाही कापडासारखं उभं-आडवं असतं. ज्या दिशेनं तंतू धावतात त्या दिशेनं घडी सरळ बसते, आडवी घडी फुटते. ओळखायची युक्ती सोपी: कागद हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूनं कमी विरोध करतो तो उभा. मग घडीच्या रेषेवर शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून दाबायचं, तेव्हा कुठे काटकोन मिळतो. फेविकॉल टूथपिकच्या टोकानं, अगदी नावापुरता, कारण पाण्याच्या अंशानं कागद फुगतो. आणि झाकण? झाकण तळाच्या मापाचंच कापलं तर बसणार नाही. दोन्ही बाजूंची कागदाची जाडी, चिकटपट्टीची जाडी आणि हवेला वाट, असं मिळून अर्धा मिलिमीटर जास्त ठेवावं लागतं.

हा अर्धा मिलिमीटर मला चांगलाच नडला. पहिली फळी केली १३० मिलिमीटरची. बारा खोक्यांना १२७ पुरतात, तीन वर, आपण मोठे हुशार. झाकणं लावल्यावर बारा खोके झाले १३३ चे. बारावा आत जाईना. फळ्या नव्यानं कापल्या. आता गंमत बघा, तेव्हा मामीला सहज हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, खऱ्या दुकानात पण शेवटचा खोका कोंबूनच बसवायला लागायचा. ह्यांचं नख तुटायचं." हे फोटोत दिसत नाही हं, दादा. फोटोवरून काम केलं असतं तर मला हे कधीच कळलं नसतं.

दर्शनी बटणासाठी राजगिरा. शर्टाचं बटण सव्वा सेंटिमीटरच्या आतबाहेर, त्याचा बारावा हिस्सा एक मिलिमीटर. राजगिऱ्याचा दाणा एवढाच, तसाच चपटा आणि तसाच हस्तिदंती रंगाचा. कोटाच्या बटणांना सगळ्यात बारीक टिकल्या. बायकोनं पाकीट दिलं, वर "परत कर" असंही म्हणाली.

तर हो, वेळ लागतो. हात बसल्यावर एका खोक्याला पाऊण तास. पण "वेळ वाचवा" हा सल्ला मला नेहमी गमतीचा वाटतो. वाचवून नेतो कुठे आपण तो वेळ? दुसऱ्याचे हात छोट्या वस्तू करताना मोबाईलवर बघत बसायला. छापलेल्या लेबलांशी माझं भांडण नाही, मीही छापतो. तयार संच आणणाऱ्यांशीही नाही, त्यावर हात बसतो. भांडण आहे ते "आत कशाला बघायचंय" या वृत्तीशी. हल्ली आठवणींचंही तसंच झालंय. जुन्या बिस्किटाचं वेष्टन, जुनं कॅलेंडर, जुन्या साबणाची जाहिरात, छापा आणि चिकटवा. वरून सगळं जुनं, आत थर्मोकोल.

आणि आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. सांगावी की नाही यावर आठवडाभर विचार केला. मामाला विचारलं. तो म्हणाला, "लिही, आता काय त्याचं."

खोके उघडणार म्हटल्यावर आत काय ठेवायचं हा प्रश्न आलाच. म्हणून वही घेऊन मामाकडे गेलो. काचबिंदूमुळे त्याला हल्ली फार कमी दिसतं. पण दुकानाची भिंत त्याला तोंडपाठ आहे. खालून पहिली ओळ, डावीकडून: हुक, काळे हुक, टिचबटणं मोठी, टिचबटणं बारीक, नाडीची टोकं... तो भराभर सांगत होता, मी लिहीत होतो. अधूनमधून त्याची बोटं हवेत खोका ओढल्यासारखी हलायची. सहाव्या ओळीपर्यंत असं चाललं. मग म्हणाला, "झालं."

म्हटलं, मामा, वरच्या दोन राहिल्या.

"वरच्या दोन रिकाम्या."

म्हटलं, रिकाम्या कशा? समोर बटणं आहेत ना फोटोत.

"बटणं समोरच. आत काही नाही. २०११ पासून." मग जरा थांबून, "शिंपी कमी झाले रे. लोक तयार कपडे घ्यायला लागले. संपलेला माल परत भरणं परवडेना. पण गिऱ्हाईकाला भिंत भरलेली दिसली पाहिजे. रिकामी फळी दिसली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं."

म्हणजे शहाण्णवातले चोवीस. दहा वर्षं.

मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. माझ्या ताईचं लग्न २०१३ चं. मामाचा आहेर म्हणून जो काही थाट झाला होता त्याचं कौतुक आम्ही अजून करतो. ताईला पैठणी, आईला साडी, मला कोटाचं कापड. बटणं अर्थात दुकानातली. "मामाचं काय, दुकान भरलेलं आहे," हे वाक्य तेव्हा आमच्याकडे किती जणांनी म्हटलं असेल याची गणती नाही. मीही म्हटलं होतं. त्या दुकानात आम्ही सगळे लहानपणापासून गेलो, गल्ल्यावर बसलो, रिळांचे मनोरे रचले. पण वरच्या ओळीतला एक खोका उघडून बघावा असं २०११ नंतर कुणाच्याही मनात आलं नाही.

हे मी मावसभावंडांना कळवलं. दादाचा प्रतिसाद मी त्याच्या परवानगीशिवाय देतोय: "मग तर प्रश्नच मिटला. खरे खोकेच नुसते दाखवायचे होते, तर तू कशाला उघडणारे करतोस? माझं थर्मोकोल जास्त खरं!"

मुद्दा बिनतोड आहे. खरंच आहे. दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुचलं ते असं. दादा, रिकामा खोका रिकामा आहे हे कळायला तो उघडावा लागतो. थर्मोकोलचा ठोकळा भरलेलाही नसतो आणि रिकामाही नसतो. तो काहीच नसतो. तुझ्या भिंतीत खालचे बहात्तर आणि वरचे चोवीस यांत काडीचा फरक राहणार नाही. म्हणजे मामानं गिऱ्हाईकाला जे दाखवलं तेच आपणही स्वतःला दाखवत राहणार: भरलेलं दुकान. गिऱ्हाईकाचं ठीक आहे. त्याला बटणं हवी होती. आपण घरचे होतो.

अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली म्हणून एक बाई होऊन गेल्या (१८७८ ते १९६२). त्यांनी १९४०च्या दशकात बाहुलीघरासारख्या खोल्या केल्या, पण त्या संशयास्पद मृत्यूंच्या. पोलिसांना जागेची पाहणी शिकवण्यासाठी. तेही एकास बारानं. त्यातले मोजे त्या टाचण्यांएवढ्या बारीक सुयांवर स्वतः विणत. अशा १८ खोल्या बाल्टिमोरमध्ये आहेत आणि इतक्या वर्षांनंतरही प्रशिक्षणासाठी वापरल्या गेल्या आहेत. बाई एवढ्या बारकाव्याला का जात? हौस होतीच. पण खोलीतली कुठली वस्तू साक्ष देईल हे बघणाऱ्याला आधी ठाऊक नसतं. म्हणून कुठलीच वस्तू "नुसती दिसायला" ठेवून चालत नाही. आमच्या मामाच्या दुकानात गुन्हा घडलेला नव्हता. पण साक्ष होती, छताजवळच्या दोन ओळींत, आणि ती वाचायला खोका उघडणारा माणूस हवा होता.

म्हणून मी म्हणतो, दिसण्यापुरता खोका हा आळस तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ती आपली सोय आहे. वरून चितारायला काही विचारावं लागत नाही. आतून करायचं म्हटलं की वही घेऊन कुणाच्या तरी समोर बसावं लागतं, आणि मग ते माणूस काय सांगेल याचा भरवसा नसतो. मला वाटतं, आपण ठोकळे करतो ते वेळ नाही म्हणून नव्हे. उत्तर नको असतं म्हणून.

आता सद्यस्थिती. शहाण्णव खोके झाले. बहात्तरांत माल आहे: बारीक तारेचे हुक, राजगिरा, टिकल्या, रेशमाच्या दोऱ्याची लगडी. चोवीस रिकामे. ते करताना मी मुद्दाम जास्त काळजी घेतली, आतून स्वच्छ पांढरा कागद लावला, कारण रिकाम्या खोक्याचा आतला भाग पूर्ण दिसतो. भरलेल्यात एखादा चुकलेला कोपरा लपून जातो. रिकाम्यात लपत नाही. हा धडा कागदकामाचा आहे, उगाच त्यातून दुसरा अर्थ काढू नये. काढलात तर माझी हरकत नाही.

वाढदिवसाला अवकाश आहे, पण मापं बरोबर आहेत का बघायला गेल्या रविवारी भिंत मामाच्या मांडीवर ठेवली. त्यानं डोळे जवळ नेले नाहीत. अंगठ्यानं फळ्या मोजल्या, तिसऱ्या ओळीतला खोका नखानं ओढला, झाकण काढलं, आत करंगळी घातली आणि म्हणाला, "टिचबटणं बारीक." बरोबर होतं. पुढचा ओढताना चेपला. त्याला वाईट वाटलं. मी म्हटलं, राहू दे, पाऊण तासाचं काम आहे. मग त्यानं सगळ्यात वरच्या ओळीतला एक काढला, झाकण उघडलं, बोट आत फिरवलं, झाकण लावलं आणि परत जागेवर ठेवला. काही बोलला नाही. मामी मात्र बोलली, "हे केलंस ते बरं केलंस."

नंतर मामानं चार चुका काढल्या. काळ्या हुकांचा खोका एक घर उजवीकडे हवा होता. लेसची जागा चुकली. आणि बारावा खोका फार सहज बसतो म्हणाला, थोडा घट्ट कर.

फोटोवर चिकटवलेल्या थर्मोकोलमधली चूक त्याला कशी सापडली असती, दादा? आणि चूक काढायला मिळाली नसती तर ते दुकान त्याचं कसं झालं असतं?

असो. वाद मिटलाय असं मी म्हणत नाही, दादा अजून थर्मोकोलवर ठाम आहे. पण त्यानं परवा विचारलं की झेरॉक्सचा कागद तिकडे कुठल्या जाडीचा मिळतो. मी सांगितलं, आधी एक खोका कर. १० सेंटिमीटरच्या चौकोनी कागदातून घडीचा साधा खोका साडेतीन सेंटिमीटरचा होतो, फेविकॉल नको, कात्री नको. झाकणासाठी तेवढाच कागद घे, फक्त कडा मध्यरेषेला न भिडवता मिलिमीटर-दीड मिलिमीटर अलीकडे थांब. झाकण बसलं की मला फोन कर. आत काय ठेवायचं ते मात्र आपल्या मावशीला विचार. म्हणजे तुझ्या आईला. तिच्या कपाटातही वरच्या फळीवर एक खोका आहे, आणि आपण कुणी तो कधी उघडलेला नाही.